ट्रॅक्टरचे ब्रेक लायनर केव्हा बदलावेत?

ट्रॅक्टरचे इंजिन आणि टायर यांकडे शेतकरी बंधूंचे लक्ष असते. ब्रेककडे मात्र तो लागेनासा झाल्यावरच लक्ष जाते. शेतात ट्रॅक्टर सावकाश चालत असल्यामुळे ब्रेकमधील दोष जाणवत नाही. तोच ट्रॅक्टर ऊस भरलेला ट्रेलर घेऊन उताराला लागला, की हा दोष जिवावर बेततो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर सारा भार ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांच्या ब्रेकवरच येतो. शिवाय वेग दुप्पट झाला तर थांबण्यासाठी सुमारे चौपट अंतर लागते. म्हणून वाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ब्रेकची तपासणी करावी.

दोन्ही बाजूंची झीज सारखी नसते

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी स्वतंत्र ब्रेक पॅडल असते. शेतात वळताना आपण एकाच बाजूचा ब्रेक दाबतो. नेहमी एकाच बाजूला वळण घेतल्यास त्या बाजूचा लायनर लवकर झिजतो. रस्त्यावर दोन्ही पॅडल पट्टीने जोडली तरी कमी झिजलेली बाजू आधी धरते. ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो, मागून ट्रेलर रेटतो आणि ट्रॅक्टर आडवा होण्याचा किंवा उलटण्याचा धोका निर्माण होतो.

लायनर झिजल्याची लक्षणे

१) पॅडल पूर्वीपेक्षा खोल जाते. ब्रेक आवळून घेतला तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तीच स्थिती येते.

२) आवळण्याच्या बोल्टचे आटे संपत आले आहेत. आता आवळून उपयोग नाही, लायनरच बदलले पाहिजेत.

३) ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो. लायनर झिजून रिव्हेट घासू लागल्याचे हे लक्षण असू शकते. असा ट्रॅक्टर चालवत राहिल्यास डिस्क किंवा ड्रमही खराब होऊन खर्च वाढतो.

४) ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो.

५) ब्रेकच्या घरातून तेल झिरपते. सील खराब होऊन तेल लायनरवर आल्यास लायनर जाड असूनही ब्रेक धरत नाही. असा लायनर रॉकेलने धुऊन पुन्हा वापरू नये. आधी सील बदलावे, मग नवा लायनर बसवावा.

तपासणी कशी करावी?

प्रथम पट्टी सोडून दोन्ही पॅडलची मोकळी चाल, म्हणजे ब्रेक धरू लागेपर्यंत पॅडल जेवढे खाली जाते ते अंतर, मोजपट्टीने मोजावी. ती दोन्हीकडे सारखी असावी व माहितीपुस्तिकेत आपल्या मॉडेलसाठी दिलेल्या मापाइतकी असावी. त्यानंतर ट्रेलर सोडून ट्रॅक्टर मोकळ्या, सपाट व कोरड्या जागेवर न्यावा. जवळपास माणसे व जनावरे नसल्याची खात्री करावी. पॅडल पट्टीने जोडून, ट्रॅक्टर कमी वेगात सरळ चालवून क्लच व ब्रेक एकदम दाबावेत. दोन्ही मागील चाकांच्या घसरणीच्या खुणा सारख्या लांबीच्या उमटल्या पाहिजेत. खुणा कमीजास्त असतील तर ब्रेक जुळवून घ्यावेत. तरीही फरक राहिल्यास ब्रेक खोलून पाहावेत.

तेलात बुडालेले ब्रेक

आजच्या बहुतेक नव्या ट्रॅक्टरमध्ये तेलात बुडालेले ब्रेक असतात. त्यांत चिखल शिरत नाही आणि झीज कमी होते. परंतु ते कायमचे टिकतात असा समज करून घेऊ नये. पॅडल खोल जाणे, ब्रेक लावताना धक्के बसणे किंवा काढलेल्या तेलात लायनरचा चुरा दिसणे ही झिजेची लक्षणे आहेत. चिखलणीनंतर तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. तेल शिफारशीप्रमाणेच वापरावे व ठरलेल्या तासांनंतर बदलावे.

लायनर बदलताना

- लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. एकच बाजू बदलल्यास ट्रॅक्टर ओढण्याचा दोष कायम राहतो.
- रिव्हेटची डोकी उघडी पडण्याची वाट पाहू नये. जाडी पुस्तिकेतील किमान मापावर आली की लायनर बदलावेत.
- ब्रेकमधील धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या कापडाने पुसून घ्यावे.
- नवीन लायनर बसल्यावर सुरुवातीस जड ओझे ओढू नये. काही तास काम झाल्यावर मोकळी चाल पुन्हा तपासावी.
- लायनर बदलल्याची तारीख व मीटरवरील तास वहीत लिहून ठेवावेत.

चालवताना पॅडलवर पाय ठेवून बसण्याची सवय सोडावी. त्यामुळे ब्रेक सतत घासून तापतात आणि लायनर लवकर संपतात. उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये. तो खालच्या गिअरमध्येच उतरवावा, म्हणजे इंजिनही वेग रोखून धरते.

ब्रेक एका दिवसात निकामी होत नाही. पॅडल दररोज थोडे थोडे खाली जात असते. आपल्या पायाला ते जाणवेल त्याच दिवशी तपासणी करावी, ती पुढच्या खेपेवर ढकलू नये.