संशोधकाचें मोल कशानें मापावें?

संशोधकाचें कार्य मोजावयाचें तर त्याचे निबंध किती, आणि इतर विद्वानांनीं आपल्या लेखनांत त्यांचा उल्लेख किती वेळां केला, हें पाहण्याची रीत आहे. यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालीं अशा उल्लेखांची सूचि काढली. पुढें २००५ सालीं पदार्थविज्ञानवेत्ते होर्हे हिर्श यांनीं दोहोंचा मेळ घालणारा एक अंक सुचविला. ज्याच्या वीस निबंधांपैकीं प्रत्येकाचा निदान वीस वेळां उल्लेख झाला, त्याचा अंक निदान वीस. परंतु खंडनासाठीं केलेला उल्लेखही यांत धरला जातो. शिवाय हा अंक काळाबरोबर वाढतो, कधीं उतरत नाहीं.

मग निराळी कसोटी कोणती? मुंबईंत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या निबंधांचा उल्लेख जगभर होतो. त्यांनीं सहकाऱ्यांसह १९९६ सालीं गोव्यांत 'संगथ' ही संस्था स्थापिली. 'लॅन्सेट'मध्यें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत गोव्यांतील २४ दवाखान्यांतील प्रयोग वर्णिला आहे. डॉक्टर नसलेले, पण खास शिकवून तयार केलेले समुपदेशक तेथें खिन्नतेच्या व चिंतेच्या रोग्यांस साहाय्य करीत. सरकारी दवाखान्यांत त्याचा गुण स्पष्ट आला. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाहीं, आणि तेंही निबंधांत नमूद आहे.

चिंचवडच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतणारा, झोंप हरपलेला कामगार हिर्श यांचा अंक विचारणार नाहीं. आपलें दुःख ऐकणारें कोणी जवळच्या दवाखान्यांत आहे काय, एवढेंच तो विचारील. निबंधाचें मोल त्या उत्तरावरूनही ठरावें.