मोटारीचें गतिचक्र आणि त्याची अदलाबदल

मोटार चालविणाऱ्या बहुतेकांस क्लच हा शब्द ठाऊक असतो, कारण तो डाव्या पायाखालीं असतो. फ्लायव्हील मात्र पायाला लागत नाहीं, डोळ्यांना दिसत नाहीं, आणि त्याची पहिली ओळख बहुधा मिस्त्रीच्या तोंडून होते. "क्लचप्लेट गेली आहे, आणि फ्लायव्हीलहि बदलावें लागेल", असें त्यानें सांगितलें म्हणजे मालक गोंधळून जातो. ज्याचें पोट भाड्याच्या गाडीवर आहे त्याला तर दुहेरी पेंच पडतो. होय म्हणावें तर बरीच कमाई एकदम जाते. नाहीं म्हणावें तर थोड्याच दिवसांनीं तीच गाडी पुन्हां उघडण्याची पाळी येते. हें चक्र करतें काय आणि तें बिघडलें हें ओळखावें कशावरून, एवढें समजलें तरी हा निर्णय अंधारांत घ्यावा लागत नाहीं.

जात्यावर दळणाऱ्या बाईच्या हाताचा जोर साऱ्या फेऱ्यांत सारखा नसतो. खुंटा जवळ ओढतांना तो अधिक असतो, पलीकडे जातांना कमी होतो. तरीहि जातें अडखळत नाहीं, कारण वरचा जड दगड मिळालेला वेग सांठवितो आणि जोर कमी पडेल तेथें तो परत देतो. मोटारीच्या एंजिनाची अडचण नेमकी हीच आहे. हवा व पेट्रोल आंत घेणें, तें दाबणें, पेटविणें आणि धूर बाहेर टाकणें या चार हालचालींपैकीं शक्ति मिळते ती एकींतच. उरलेल्या तिहींत ती खर्चच होते. १९८३ पासून २०१४ पर्यंत भारतांत तयार झालेली मारुति ८०० घेतली, तर तिच्या एंजिनांत तीन सिलिंडर असतात आणि दोन फेऱ्यांत मिळून तीन स्फोट होतात. मिनिटाला ८०० फेरे धरले तर सेकंदाला २० स्फोट झाले. या वीस धक्क्यांचें एका संथ फिरण्यांत रूपांतर करणारें ओतीव लोखंडाचें जड चाक म्हणजे फ्लायव्हील. तें एंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, टोकाला बोल्टांनीं आवळलेलें असतें. त्याचें वजन जितकें कडेकडे असेल तितकें तें अधिक उपयोगी. तेंच वजन मध्यापासून दुप्पट अंतरावर नेलें तर त्याच गतीला सांठणारी शक्ति चौपट होते.

चक्राच्या कडेवर दात्यांची एक पोलादी कडी गरम करून बसविलेली असते. किल्ली फिरविली म्हणजे स्टार्टरचें लहान दंतचक्र याच दात्यांत अडकून एंजिन फिरवितें. येथें एक मौजेची गोष्ट आहे. बंद होणारें एंजिन वाटेल तेथें थांबत नाहीं. कोठला तरी सिलिंडर हवा दाबूं लागला कीं त्या अडथळ्यापाशीं तें थांबतें. त्यामुळें स्टार्टरचा पहिला आघात पुन्हांपुन्हां त्याच दात्यांवर होतो आणि कडी सगळीकडे सारखी झिजत नाहीं. तीन सिलिंडरच्या एंजिनांत ती तीन जागीं झिजते, चारांच्या एंजिनांत समोरासमोरच्या दोन जागीं. किल्ली फिरवितांना कधीं नुसती घरघर व्हावी, आणि गाडी गिअरमध्यें टाकून जरा पुढें ढकलल्यावर एंजिन चालूं व्हावें, असें होऊं लागलें तर हे दाते तपासावे. पुष्कळ गाड्यांत एवढ्यासाठीं सारें चक्र टाकण्याचें कारण नसतें. नुसती कडी बदलतां येते.

क्लचचा संबंध येतो तो चक्राच्या मागच्या सपाट पृष्ठाशीं. या पृष्ठावर क्लचप्लेट टेकलेली असते व तिच्या पाठीमागून प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोरानें तिला दाबून धरते. क्लचप्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावरील खांचांत बसलेली असल्यामुळें एंजिनाचें फिरणें पुढें चाकांपर्यंत पोंचतें. पेडल दाबलें कीं रिलीज बेअरिंग स्प्रिंगला रेटतें, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. पाय हळूहळू उचलतांना मात्र प्लेट कांहीं क्षण घसरत असते, आणि त्या घसरण्याची सारी उष्णता प्लेट, प्रेशर प्लेट व फ्लायव्हील यांनाच सोसावी लागते. खंबाटकी घाटांत गाड्यांची रांग लागली असतां हँडब्रेक न ओढतां अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारा चालक ही उष्णता मिनिटामिनिटानें वाढवीत असतो. पेडलवर उगाच पाय विसावून ठेवणें हीहि त्यांतलीच खोड.

क्लच घसरूं लागला म्हणजे एंजिनाचा आवाज चढतो पण गाडी तितकी पळत नाहीं, आणि चढावर जळका वास येतो. संशय असल्यास मोकळ्या सपाट जागीं हँडब्रेक घट्ट ओढून गाडी वरच्या गिअरमध्यें घालावी व क्लच सावकाश सोडावा. एंजिन बंद पडलें तर क्लच धरतो आहे. चालूंच राहिलें तर तो घसरतो. हा प्रयोग एकदांच करावा, कारण त्यानेंहि प्लेट तापते. गाडी सुटतांना थरथरत असेल तर फ्लायव्हीलचा संशय घेण्यास जागा आहे. मात्र एंजिनाचे ढिले रबरी माउंट किंवा प्लेटला लागलेलें तेल यांनींहि गाडी थरथरते. म्हणून गाडी न उघडतां फ्लायव्हीलवर खापर फोडणाऱ्या मिस्त्रीवर एकदम विश्वास टाकूं नये.

गाडी उघडल्यावर मालकानें स्वतः चक्र पाहावें; तो त्याचा हक्कच आहे. नुसती चकाकी किंवा बारीक रेषा असल्या तर भिण्याचें कारण नाहीं. नखाला अडकणारे चरे असतील, किंवा निळसर काळे डाग दिसत असतील, तर तेथें लोखंड तापून त्याचा पोतच बदलला आहे असें समजावें. असे डाग भोंवतालच्या धातूपेक्षां कठीण होतात. लेथवर चक्र तासलें तर पात्याखालून ते उंच राहून जातात आणि थरथर तशीच राहते; म्हणून दगडानें ग्राइंड करणें अधिक चांगलें. तेंहि उत्पादकानें ठरविलेल्या कमींत कमी जाडीपर्यंतच. खोल भेग दिसली तर मात्र काटकसर करूं नये. वेगानें फिरणारें चक्र फुटलें तर त्याचे तुकडे गाडीचा पत्राहि फोडूं शकतात.

प्रत्यक्ष बदलण्याचें काम कष्टाचें आहे, गूढ नाहीं. आरंभीं बॅटरीची ऋण तार काढावी, कारण स्टार्टरच्या जाड तारेंत वीज सदैव असते. गाडी नुसत्या जॅकवर कधींहि ठेवूं नये. मजबूत घोड्यांवर टेकवावी. मारुति ८०० सारख्या, पुढच्या चाकांना गति देणाऱ्या गाडींत तेल काढून दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, क्लचची केबल, गिअरचा दांडा व स्टार्टर सोडविल्यावर गिअरबॉक्स सरळ मागें ओढून उतरवितात. त्याचा भार आंतल्या दांड्यावर लोंबकळूं दिला तर तो किंवा प्लेट वांकते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून सैल करावे. आंत सांचलेली धूळ हवेनें उडवूं नये. जुन्या प्लेटींच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसांत गेली तर जीवघेणी ठरूं शकते. ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी.

चक्र उतरल्यावर क्रँकशाफ्टच्या सीलमधून तेल झिरपत आहे काय हें अवश्य पाहावें. थोड्या किंमतीचें तें सील बदलण्याचा आळस केला तर नवी प्लेटहि तेलानें भिजते व सारें उतरविण्याचा खर्च पुन्हां पडतो. रिलीज बेअरिंगविषयींहि तोच न्याय. नव्या चक्रावरील संरक्षक तेल पुसून काढावें, बसणीच्या जागा स्वच्छ कराव्या, आणि बोल्ट टॉर्कपान्यानें, पुस्तकांत दिलेल्या जोरानेंच आवळावे. ताणले जाणारे बोल्ट असतील तर ते नवेच घ्यावे. क्लचप्लेट मध्यावर आणण्यासाठीं खास दांडा मिळतो. त्याशिवाय अंदाजानें बसविली तर गिअरबॉक्स चढतां चढत नाहीं, आणि मग उतावळा मिस्त्री बोल्ट आवळून तो ओढूं पाहतो. तसें करूं देऊं नये. खांचांना ग्रीस लावावयाचें तें अगदीं पातळ, नाहीं तर तें उडून अस्तरावर जातें.

कांहीं नव्या गाड्यांत, विशेषतः डिझेलच्या, चक्राचे दोन भाग असून त्यांच्यामध्यें स्प्रिंगा असतात. जर्मनींत १९८५ च्या सुमारास या प्रकाराचें मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरूं झालें. त्यांत धक्के चांगले मुरतात, परंतु स्प्रिंगा झिजल्या कीं एंजिन बंद करतांना खडखडाट होतो. तें सहसा घांसून दुरुस्त होत नाहीं. सबंध बदलावें लागतें, आणि तें महागहि असतें. म्हणून आपल्या गाडींत कोणत्या जातीचें चक्र आहे हें काम ठरविण्याच्या आधींच विचारून घ्यावें.

गाडी जुळल्यावर गिअरबॉक्सचें तेल भरावें, आणि केबलचा क्लच असेल तर पेडलला पुस्तकांत सांगितलेली मोकळीक ठेवावी. पहिले कांहींशें किलोमीटर जड ओझें व घाट टाळून गाडी चालवावी, म्हणजे नवी प्लेट आणि नवें पृष्ठ एकमेकांस नीट लागतात.