रूट केलेल्या अँड्रॉइड उपकरणांवरील परवाना त्रुटी

रूट केलेल्या अँड्रॉइड उपकरणांवरील परवाना त्रुटी म्हणजे वापरकर्त्याने प्रणालीचे सर्वाधिकार मिळवलेल्या मोबाइलवर एखाद्या ॲपच्या परवान्याची पडताळणी यशस्वी न होणे. रीतसर विकत घेतलेले ॲपही अशा वेळी चालत नाही. मात्र त्रुटी दिसली म्हणजे परवाना नाहीच, असे नसते. पुष्कळदा तो तपासलाच गेलेला नसतो.

पार्श्वभूमी

अँड्रॉइड लिनक्सवर आधारित असून 'रूट' हे त्यातील सर्वाधिकारी वापरकर्त्याचे नाव आहे. अँड्रॉइड ४.० पूर्वीच्या बहुतेक फोनांवर देवनागरी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. प्रणालीच्या फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्ट घालण्यासाठी त्या काळी अनेक जण फोन रूट करीत; तरीही जोडाक्षरे तुटकच दिसत. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये मराठी ही प्रणालीची भाषा म्हणून समाविष्ट झाली.

पडताळणीची पद्धत

गूगलने २०१० मध्ये विकत घेतलेल्या ॲपांसाठी परवाना पडताळणी सुरू केली. ॲप प्ले स्टोअरमार्फत सर्व्हरकडे विचारणा करते आणि सर्व्हर खात्यावरील खरेदीची नोंद पाहून डिजिटल स्वाक्षरी केलेले उत्तर पाठवतो. नंतरच्या प्ले इंटिग्रिटी सेवेत उपकरणाची विश्वासार्हताही तपासली जाते. तिची परवान्याविषयीची उत्तरे तीन प्रकारची असतात: परवाना आहे, परवाना नाही आणि मूल्यमापन झाले नाही. उपकरण पुरेसे विश्वासार्ह नसल्यास तिसरे उत्तर मिळू शकते.

कारणे

* खरेदी वेगळ्या गूगल खात्यावरून झालेली असणे.
* ॲप प्ले स्टोअरऐवजी एपीके फाइलवरून बसवलेले असणे.
* जाहिराती रोखण्यासाठी बदललेल्या 'होस्ट्स' फाइलमुळे गूगलच्या सर्व्हरशी संपर्क न होणे.
* प्रणाली नव्याने बसवल्यावर उपकरणाचा ओळख क्रमांक बदलून साठवलेले जुने उत्तर निरुपयोगी होणे.
* बूटलोडर खुला असणे किंवा प्ले स्टोअरमध्ये फेरफार केलेला असणे.

निवारण

प्रथम इंटरनेट जोडणी, तारीख-वेळ आणि प्ले स्टोअरमधील खाते तपासावे. त्यानंतर होस्ट्स फाइल पूर्ववत करावी, प्ले स्टोअरची कॅशे पुसावी व ॲप तेथूनच पुन्हा बसवावे. ॲपमधील महत्त्वाच्या माहितीची प्रत आधी काढून ठेवावी, कारण ॲप काढताना ती नष्ट होऊ शकते. उपकरण प्रमाणित आहे की नाही, हे प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये दिसते.

याने त्रुटी न गेल्यास उत्पादकाची मूळ प्रणाली बसवणे हा खात्रीचा मार्ग आहे. बूटलोडर पुन्हा बंद करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. प्रणाली बदललेली असतानाच तो बंद केल्यास फोन सुरू न होण्याचा धोका असतो. पडताळणी चुकवणारी 'पॅच' केलेली ॲपे हा उपाय नव्हे. त्यांत घातक कोड असू शकतो आणि रूट अधिकार मिळाल्यास तो इतर ॲपांच्या माहितीपर्यंत पोहोचू शकतो. याच धोक्यामुळे अनेक बँकांची ॲपे रूट केलेल्या फोनवर चालत नाहीत.