माळवदाचे खिळे भंगारात घालू नका!

परभणीकडं जुनं माळवद (मातीचं सपाट छत) पाडलं की सागवान विकलं जातं, खिळे मातीतच राहतात. अंगणात मेटल डिटेक्टर फिरवला की आधी त्यांच्यावरच ओरडतो. डिटेक्टर नाही? जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून ओढा.

लोहारानं घडवलेला खिळा चौकोनी, टोकाकडं निमुळता. तारेचा कारखानी खिळा गोल. चौकोनी मिळाला तर जपाच! रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, घासा, सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच वाळवा, जवसाचं तेल लावा. वाकलेले ऐरणीवर हलक्या हातानं सरळ होतात. जुन्या दारा-फळ्यांवर झकास दिसतात. भार पेलायला मात्र नवेच वापरा.

आणि हो, पुरलेली नाणी-दागिने लागले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. खिळ्यांसाठी कुणी विचारत नाही!