पिस्तूल, रायफल आणि चव्वेचाळीस मिनिटे

बँकेवरचा दरोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चित्रपट उभा राहतो. तेथे नायकाचे साधे पिस्तूल खलनायकाच्या कोणत्याही शस्त्राला पुरून उरते. प्रत्यक्षात तसे का घडत नाही, हे अमेरिकेतील एका चकमकीवरून फार स्पष्टपणे कळते.

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास लॉस एंजेलिस शहरातील नॉर्थ हॉलिवूड भागात बँक ऑफ अमेरिकाच्या शाखेत दोन बुरखाधारी शिरले. फिलिप्स आणि मातासारेआनु ही त्यांची नावे. गस्तीवरच्या पोलिसांनी त्यांना आत जाताना पाहिले आणि बाहेर वेढा पडला. तीन लाखांहून अधिक डॉलर घेऊन दोघे बाहेर पडले तेव्हा शरण येण्याचा विचार त्यांच्या मनात दिसला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत हा प्रकार सुमारे ४४ मिनिटे चालला.

पोलिसांजवळ ९ मिलिमीटरची बेरेटा पिस्तुले, काही रिव्हॉल्व्हर आणि शॉटगन होत्या. दरोडेखोरांजवळ होत्या कलाश्निकोव्हच्या घराण्यातल्या चिनी बनावटीच्या रायफली, बेकायदा फेरफार करून स्वयंचलित केलेल्या; शिवाय इतरही रायफली आणि हजारो काडतुसे.

येथे थोडे गणित करावे लागते; कला शाखेच्या मित्रांनी घाबरू नये. या पिस्तुलाची गोळी आणि या रायफलीची गोळी, दोहोंचे वजन जवळजवळ सारखेच, सुमारे ८ ग्रॅम. पण पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ३७० मीटर जाते, तर रायफलीची ७०० मीटरांच्या वर. वेग दुप्पट झाला की ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. लांब नळी आणि काडतुसात अधिक दारू, एवढ्यावर हा सारा फरक पडतो. म्हणून ज्या मोटारींच्या दाराआड पोलीस बसले होते ती दारे त्यांच्या कामी आली नाहीत. त्यांच्या अंगातली चिलखते पिस्तुलाची गोळी अडवण्याच्या बेताने विणलेली होती. रायफलीपुढे त्यांचा निभाव लागणे शक्य नव्हते.

उलट दरोडेखोरांनी अंगभर चिलखत चढवलेले. पोलिसांच्या गोळ्या त्यांना लागत होत्या, आणि तरीही ते चालत होते. नेम धरावा, तो बरोबर लागावा आणि समोरच्याने नुसते वळून पाहावे, यासारखी हतबलता नाही. काही पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणल्या. जखमींना हलवण्यासाठी चक्क पैशांची ने-आण करणारी चिलखती गाडी वापरावी लागली!

शेवट मात्र गणिताने केला नाही. फिलिप्सची रायफल अडकली. त्याने पिस्तूल काढले, हाताला गोळी लागली आणि अखेर त्याने ते स्वतःवर चालवले. त्याच सुमारास पोलिसांची गोळीही त्याला लागली. मातासारेआनुने रस्त्यातली एक गाडी बळकावली, पण ती सुरू होईना. तोवर रायफलधारी विशेष पथक येऊन पोहोचले होते. मोटारीमागे लपलेल्या त्या माणसाचे पाय उघडे होते. पोलीस जमिनीवर आडवे झाले आणि मोटारीखालून त्यांनी पायांवर नेम धरला. दरोडेखोरांनी सुमारे ११०० गोळ्या झाडल्या, पोलिसांनी साडेसहाशे. जवळपास वीस पोलीस व नागरिक जखमी झाले. त्यांतला एकही दगावला नाही, हे आश्चर्यच.

पुढे अमेरिकेच्या लष्कराने लॉस एंजेलिसच्या पोलिसांना ६०० एम-१६ रायफली दिल्या. त्या दिवशी त्यांची गरज खरी होती, हे कोणी नाकारू नये. पण गस्तीच्या गाडीत रायफल आली की ती केवळ दरोड्यापुरती राहत नाही. २०१४ साली मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे निदर्शकांसमोर पोलीस रायफली आणि चिलखती गाड्या घेऊन उभे राहिले, तेव्हा हा वाद देशभर पेटला.

आणखी एक गोष्ट या चकमकीच्या वर्णनांत सहसा घाईने उरकली जाते. मातासारेआनु हातात बेड्या पडल्यावर रस्त्यावरच रक्तस्रावाने मेला. दुसरा साथीदार मोकळा असावा या भीतीने तो भाग सुरक्षित मानला गेला नव्हता, म्हणून वैद्यकीय मदत वेळेवर पोहोचली नाही, असे पोलिसांचे म्हणणे. त्याला जाणूनबुजून मरू दिले, असे नातेवाइकांचे. प्रकरण न्यायालयात गेले. ज्यूरीचे एकमत झाले नाही.