इथं कुणी बसलंय का?

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट पकडणाऱ्यांचे आपण वंशज. त्यामुळे लंडनच्या लायब्ररीतला प्रकार कळला की एकदम घरच्यासारखं वाटतं. तिथं रुमालाऐवजी लॅपटॉपची बॅग, पाण्याची बाटली आणि एखादा हायलायटर असतो, एवढाच काय तो फरक. टेबलावर सामान मांडायचं आणि स्वतः कॉफी प्यायला गुल! परीक्षेच्या सीझनमध्ये बाकीचे बिचारे खांद्यावर ओझं घेऊन मजल्यामागून मजले पालथे घालतात. प्रत्येक टेबलाशी तोच प्रश्न, ‘इथं कुणी बसलंय का?’

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, म्हणजे यूसीएलनं या प्रश्नावर चक्क डेस्कनाच बोलतं केलं. आपल्याकडूनही दरवर्षी बरीच पोरं तिथं मास्टर्सला जातात, त्यांना हे माहीत असेल. २०१९च्या फेब्रुवारीत यूसीएलनं गॉर्डन स्ट्रीटवर नवं स्टुडंट सेंटर उघडलं. अभ्यासाला हजार जागा, चोवीस तास खुलं. हजार म्हणजे सॉलिड आकडा वाटतो ना? पण विद्यार्थी आहेत ४० हजारांच्या वर. म्हणजे जागा कितीही बांधा, खरा प्रश्न उरतो तो रिकामी जागा नेमकी कुठे आहे हे कळण्याचा.

त्यासाठी यूसीएलच्या लायब्रऱ्यांमध्ये डेस्कच्या खालच्या बाजूला छोट्या डब्या बसवल्या गेल्या. फंडा साधा आहे. मॉलच्या टॉयलेटमध्ये आपण शिरलो की दिवा आपोआप लागतो ना, तीच ही जातकुळी. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता आणि त्याची हालचाल ही डबी टिपते आणि ‘कुणीतरी आहे’ एवढंच वायरलेसनं कळवते. कॅमेरा नाही, माइक नाही, नावगाव नाही. सगळ्या डब्यांची बेरीज होते आणि कुठल्या मजल्यावर किती जागा मोकळ्या आहेत ते विद्यार्थ्याला मोबाइलवर दिसतं. हॉस्टेलवरून निघायच्या आधीच!

आता यातली गोची बघा. त्या टॉयलेटमध्ये जरा वेळ स्तब्ध राहिलं की दिवा जातो आणि अंधारात हात हलवत बसावं लागतं. तसंच एखादा पुस्तकात अगदी गढून गेला, तर डबीच्या लेखी तो गायब. म्हणून सिस्टीम थोडा वेळ वाट बघते आणि मगच जागा रिकामी धरते. उलटी गंमत बॅगेची. बॅगेला उष्णता नसते, त्यामुळे डबी म्हणते जागा मोकळी. तुम्ही आशेनं तीन जिने चढून जाता, तर समोर बॅग, बाटली, हायलायटर. सेन्सर सांगतो माणूस नाही, सामान सांगतं मालक येतोय. खरं कुणाचं मानायचं? इथं सगळं स्मार्ट तंत्रज्ञान हात वर करतं. बॅग उचलून बाजूला ठेवायला शेवटी लायब्ररीचा हाडामांसाचा कर्मचारीच लागतो.

(अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यार्थ्यांनी वेगळी शक्कल लढवली होती. डेस्क सोडून त्यांनी लोकांच्या फोनमधून निघणारे वायफाय-ब्लूटूथचे सिग्नल मोजले. गर्दीचा अंदाज छान येतो, पण कुठली खुर्ची मोकळी ते काही कळत नाही.)

इथवर सगळं कूल. पण हीच डबी ऑफिसात आली की?

यूसीएलमधल्या सेन्सर यंत्रणेचं नाव ‘ऑक्युपआय’. २०१६च्या जानेवारीत लंडनच्याच ‘डेली टेलिग्राफ’मधले पत्रकार सोमवारी कामावर आले, तर त्यांच्या डेस्कखाली याच नावाच्या डब्या! मॅनेजमेंटचं म्हणणं, वीज वाचवायची आहे. पत्रकारांच्या युनियननं आवाज उठवला, बातमी बाहेर फुटली आणि त्याच दिवशी डब्या निघाल्यासुद्धा.

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत २०२२च्या ऑक्टोबरमध्ये तर कहरच झाला. पीएचडी करणाऱ्यांच्या डेस्कखाली न विचारता रातोरात सेन्सर लागले. कारण काय, तर डेस्कचा वापर किती होतो त्याचा अभ्यास. आणि इमारत कुठली? जिथं प्रायव्हसीवर संशोधन चालतं तीच! पोरांनी सेन्सर उपटले आणि लॉबीत त्यांचीच मांडणी करून मोठ्ठा ‘नो!’ लिहिला. युनिव्हर्सिटीला माघार घ्यावी लागली.

तीच डबी, तेच तंत्र. मग लायब्ररीत ती सोयीची आणि ऑफिसात ती नकोशी का? मला विचाराल तर फरक डबीत नाही, खुर्चीत आहे. लायब्ररीतली खुर्ची कुणाचीच नसते. ‘चौथ्या मजल्यावर कुणीतरी बसलंय’ यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. ऑफिसातली, लॅबमधली खुर्ची मात्र ठरलेली. ती अकरा ते बारा रिकामी होती म्हणजे तुम्हीच जागेवर नव्हता, त्याला वेगळं नाव लिहायची गरजच काय? दुसरा फरक, बघतंय कोण. यूसीएलमध्ये आकडे थेट विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर येत होते. तिथल्या विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या एका प्रकल्पातून ही माहिती कुणालाही स्वतःच्या अ‍ॅपमध्ये वापरता यायची. ऑफिसात आकडे वर जातात, खाली येत नाहीत. तुमच्याकडे हॉट-डेस्किंग सुरू झालं असेल, तर पुढच्या वेळी अॅडमिनवाल्याला सहज विचारून बघा, ‘डेस्कखाली काय आहे, आणि त्याचा रिपोर्ट आम्हालाही दिसेल का?’ त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

या सगळ्यावर कडी म्हणजे जेरेमी बेंथम. एका टेहळणीदारानं अख्ख्या तुरुंगावर नजर ठेवायची आणि कैद्यांना मात्र तो दिसू नये, ही ‘पॅनॉप्टिकॉन’ची आयडिया याच तत्त्वज्ञाची, अठराव्या शतकातली. १८३२ मध्ये तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या सांगाड्यात गवत भरलं गेलं आणि अंगावर त्याचेच कपडे चढवले गेले. डोकं तेवढं मेणाचं. १८५० पासून हा बेंथम यूसीएलमध्ये मुक्कामाला आहे. २०१५ मध्ये त्याच्या पेटीवर कॅमेरा लावून, त्याला बघायला येणारी माणसं मोजायचा प्रयोगही झाला. २०२० मध्ये त्याला हलवलं, ते थेट नव्या स्टुडंट सेंटरमध्ये. काचेच्या पेटीत, खुर्चीवर, काठी घेऊन बसलाय. परीक्षेच्या गर्दीतही हलत नाही.

त्याच्या खुर्चीखाली डबी लावली, तर मोबाइलवर दिसेल, ‘एक जागा रिकामी’.