एक पत्ता, दोन उत्तरं

सी भाषेतला दहा-बारा ओळींचा प्रोग्राम. एका व्हेरिएबलमध्ये 7 ठेवायचे, फोर्क करून चालत्या प्रोग्रामची दुसरी प्रत काढायची, त्या प्रतीत 7 चे 9 करायचे आणि मग दोघांनाही व्हेरिएबलचा पत्ता आणि किंमत छापायला सांगायची. लिनक्सवर तो चालवला की पत्ता शेवटच्या अंकापर्यंत तोच येतो. किंमत मात्र एकीकडे 7, दुसरीकडे 9. नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच दाखवते, कारण प्रोग्रामला दिसणारा पत्ता रॅमवरच्या जागेचा नसतो, हे सांगून पटत नाही.

याचं कारण, प्रत्येक प्रोसेसचं, म्हणजे चालत्या प्रोग्रामचं, पेज टेबल वेगळं असतं. आपल्या नेहमीच्या 64 बिटी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर लिनक्स एका प्रोसेसला साधारण 128 टेराबाइटचा पत्त्यांचा पट्टा देतं, मग मशीनमध्ये रॅम 8 जीबी का असेना. हा पट्टा 4 केबीच्या पानांत कापलेला असतो. कुठलं पान रॅममध्ये नेमकं कुठे आहे, हे प्रोसेसर चार पातळ्यांच्या टेबलातून शोधतो आणि नुकती सापडलेली उत्तरं टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात जपून ठेवतो. प्रोसेस बदलली की कर्नल टेबल बदलतं, आणि तोच आकडा दुसरीकडे नेतो. मँचेस्टरमध्ये टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी 1962 साली अ‍ॅटलस संगणकावर पत्ता आणि मेमरीतली खरी जागा वेगळी ठेवण्याची ही पद्धत पहिल्यांदा चालवून दाखवली. छोटी, महाग कोअर मेमरी आणि मोठा पण संथ ड्रम यांच्यात प्रोग्रामरला स्वतः हलवाहलव करावी लागू नये, एवढाच तेव्हाचा हेतू होता.

आता दुसरा प्रयोग, माझ्या मते जास्त बोलका. प्रोग्रामने एकदम 1 जीबी मागायचा. टॉप कमांडमध्ये व्हर्टचा, म्हणजे मागून घेतलेल्या पत्त्यांचा, आकडा लगेच 1 जीबीने चढतो. रेस, म्हणजे खरोखर रॅममध्ये असलेला भाग, जागचा हलत नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं, ताबा अजून मिळालेला नाही. मग एकेका पानात एकेक बाइट लिहीत जायचं. पहिल्या स्पर्शाला पेज फॉल्ट होतो, प्रोग्राम तिथेच थांबतो, कर्नल रिकामं पान शोधून शून्यांनी भरतं, टेबलात नोंद करतं, आणि अडलेली सूचना पुन्हा चालते. ह्यूज पेजेस बंद असतील तर असे 2,62,144 फॉल्ट होतात. प्रोग्रामला यातल्या एकाचीही खबर नसते.

सगळी पानं भरल्यावर फोर्क करा. मुलाच्या, म्हणजे फोर्कमधून निघालेल्या नव्या प्रोसेसच्या, नावापुढेही रेस 1 जीबी दिसतो, पण मोकळी रॅम जवळपास तेवढीच राहते. कर्नलने पानांची नक्कल केलेलीच नसते. दोघांच्या टेबलांत तीच पानं नोंदवून त्यांच्यावर लिहिण्याची परवानगी काढून घेतलेली असते. मूल लिहायला गेलं की फॉल्ट होतो आणि तेवढ्याच एका पानाची प्रत निघते. मुलाला निम्म्या पानांत लिहायला लावलं की वापर 512 एमबीने वाढतो. टॉपमधल्या रेसची बेरीज 2 जीबी सांगते. खरा खर्च दीड जीबी. हा खरा आकडा पीएसएस देतो. त्यात सामायिक पान जितक्यांचं, तितक्या भागांत वाटून मोजलं जातं, म्हणून दोघांचे 768-768 एमबी येतात. प्रोक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या स्मॅप्स-रोलअप फाइलमध्ये तो वाचता येतो.

अँड्रॉइड फोन याच युक्तीवर उभा आहे. झायगोट नावाची प्रोसेस सगळ्यांना लागणारे क्लास आधीच भरून ठेवते आणि प्रत्येक अ‍ॅप तिच्यातून फोर्क होतं. ती पानं अ‍ॅपगणिक वेगळी भरावी लागली असती, तर कमी रॅमच्या फोनचं काही खरं नव्हतं.

ही उधारी कधीतरी अंगावर येतेही. दिलेली सगळी वचनं एकदम वसुलीला आली आणि स्वॅपही भरला, तर कर्नलचा ओओएम किलर कुणाला तरी मारतो. तो मुख्यतः जास्त मेमरी खाणाऱ्याला निवडतो, आणि बहुतेक वेळा तो आपला डेटाबेसच असतो. म्हणून महत्त्वाच्या प्रोसेसचं ओओएम गुणांकन आधीच खाली आणून ठेवावं.

आणि पोस्टग्रेससारख्या डेटाबेसच्या पन्नास प्रोसेसच्या रेसची बेरीज पाहून घाईने रॅम विकत घेऊ नका. तीच सामायिक बफरची पानं त्या बेरजेत पुन्हा पुन्हा मोजली गेलेली असतात. आधी पीएसएस बघा.